मैना विहिरीत का गेली

पुणे
९ जानेवारी २०२५

लाडक्या वैजूताईला,

पार्सल उघडलंस का? नसशील तर आधी ते उघड आणि मग हे वाच. कात्री शोधत बसू नकोस, चिकटपट्टी ओढली की सुटते.

ताई, माझी कादंबरी आली! 'खिडकीतली मैना'. चार वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवताना पोटात दुखायचं. आता अर्पणपत्रिका बघ: 'वैजूताईला, जी स्वतः चालली नाही, पण जिच्यामुळे मी चालले.' ही ओळ लिहिली त्या दिवशी मी जेवले नाही.

मैना म्हणजे तू, आणि तूच असं नाही. पोलिओनं दोन्ही पाय गेलेली, आईविना वाढलेली चुलतबहीण. काकूच्या घरात ती सगळ्यांचं करते, धाकट्या बहिणीला अक्षरं शिकवते. आणि शेवटी त्या बहिणीचं लग्न आपल्यामुळे अडायला नको म्हणून विहिरीत उडी घेते. मला माहितेय, तुला त्या दिवसाबद्दल बोलायला आवडत नाही. मोडनिंबच्या घरात त्यावर कधीच कोणी बोललं नाही. म्हणूनच मला लिहावंसं वाटलं. कोणीतरी तुझा त्याग बघायला हवा होता.

पंधरा दिवसांत पहिली आवृत्ती संपत आलीय. एका मोठ्या पुरस्कारासाठी नाव गेलंय. परवा एका पेपरच्या पुरवणीसाठी मुलाखत दिली, त्यात मी तुझ्याबद्दल खूप बोलले. छापून आली की कात्रण पाठवते.

वाचून फोन कर. रडलीस तर रडू दे, मीही इकडे रडेन.

तुझी,
अंकी


शुक्रवार पेठ, सोलापूर
२७ जानेवारी २०२५

अंकिता,

तुझे अकरा फोन मी उचलले नाहीत. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू लगेच "ताई, शांत हो" म्हणतेस. कागदावर मला कुणी शांत करू शकत नाही, म्हणून पत्र.

पुस्तक दोनदा वाचलं. भाषा चांगली आहे. तुला मराठी मीच शिकवली, तेव्हा तेवढं म्हणायचा हक्क मला आहे.

तुझी मैना दोनशे बारा पानं खिडकीत बसलेली आहे. वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो सांगू? ही बाई संडासला कशी जाते? मोडनिंबला आपला संडास परसात होता, तीन पायऱ्या चढून. पावसाळ्यात त्या पायऱ्यांना शेवाळ धरायचं. कुबड्या खाली ठेवून, हातावर अंग उचलत मी त्या चढायची, आणि आत कुणी असलं तर तशीच पायरीवर बसून राहायची. माझं निम्मं बालपण त्या तीन पायऱ्यांवर गेलं. त्या तुझ्या पुस्तकात नाहीत. चंद्र मात्र पानोपानी आहे.

तुझी मैना कुणावर चिडत नाही. तिला भूक लागत नाही, पाळी येत नाही, कुणी पुरुष आवडत नाही. कुणी तिला टाकून बोललं की ती हसून चिमण्यांना दाणे घालते. अंकी, तू सहा वर्षांची असताना माझी पट्टी मोडलीस म्हणून मी तुला कुबडीनं मारलं होतं. पाठीवर वळ उठला होता. ते विसरलीस का सोयीचं नव्हतं?

तू इकडं सहा वर्षांत एकदाच आलीस, म्हणून सांगते. मी अपंग मुलींच्या वसतिगृहात सहायक अधीक्षक आहे. चाळीस मुली आहेत. सकाळी सहाला पायांना कॅलिपर चढवून, माझी जास्तीच्या चाकांची स्कूटर घेऊन मी हजर असते. कुणाचं प्रमाणपत्र, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा बाप दिवाळीला न्यायला येत नाही, सगळं मी बघते. तिथं देणगीत आलेल्या पुस्तकांचं कपाट आहे. मी जवळजवळ सगळं वाचलंय. त्यात माणूस लंगडा असला की कपटी असतो. आंधळा असला की गातो, आणि त्याला दुसऱ्याच्या मनातलं दिसतं. मुकी असली की तिच्यावर अत्याचार होतो आणि तिचा भाऊ सूड घेतो. कुबडीवाल्या पोरीनं शेवटच्या प्रकरणात एकतर चालायला लागायचं, नाहीतर मरायचं. चालत नसलेली, जिवंत, आणि बँकेत रॅम्पवर गाडी लावणाऱ्याशी भांडणारी बाई मला एकाही पुस्तकात भेटली नाही. मला वाटायचं, अंकी लिहिते, ती कधीतरी लिहील.

रुद्राणी नावाची दहावीतली मुलगी आहे, अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलणारी. व्हीलचेअरवर असते. तिनं तुझं पुस्तक एका दिवसात वाचलं आणि मला विचारलं, "मॅडम, ही मेली म्हणून सगळ्यांना आवडली काय?"

तू लेखिका आहेस, याचं उत्तर तू दे.

आणि एवढं कळव: विहिरीचं तुला कुणी सांगितलं?

ताई


पुणे
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं. पाठीवरचा वळ मला आठवतो. पण ती कादंबरी आहे गं, तुझी डायरी नाही. काही घ्यावं लागतं, काही सोडावं लागतं. संडासाच्या पायऱ्या लिहिल्या असत्या तर लोक म्हणाले असते, दया मागते.

विहिरीचं आईनं सांगितलं. मी कॉलेजला असताना, एकदाच, हळू आवाजात. "तुझ्या ताईनं तुझ्यासाठी जीव द्यायला कमी केलं नव्हतं," म्हणाली. त्या वाक्यानं मी बदलले, ताई. मी पुण्याला शिकले, माझ्या मनानं लग्न केलं, ते सगळं त्या वाक्याच्या ओझ्याखाली. मी तुला लहान केलेलं नाही. माझ्या डोळ्यांत तू जेवढी मोठी आहेस तेवढं मोठं केलं.

मला रोज पत्रं येतात. एका बाईनं लिहिलंय की तिची नणंद तुझ्यासारखी आहे, आणि पुस्तक वाचल्यापासून ती तिच्याशी प्रेमानं वागते. याला काहीच किंमत नाही का?

रुद्राणीला सांग, मैना मेली म्हणून आवडत नाही. तिनं प्रेमापोटी जे केलं त्यासाठी आवडते.

मुलाखतीचं कात्रण सोबत आहे. फोटोत तू किती गोड दिसतेस बघ. माझ्या लग्नातला आहे.

तुझीच,
अंकी


शुक्रवार पेठ, सोलापूर
३ मार्च २०२५

अंकिता,

ते कात्रण तुझ्या पत्राच्या आधी इथं पोचलं होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष सिद्धलिंगप्पा अण्णा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. 'विहिरीच्या काठावरून परतलेली माझी ताई.' खाली माझा फोटो, माझं नाव, सोलापुरात काय काम करते तेही. एवढं सगळं सांगायची काय घाई होती?

अधीक्षकबाई मार्चअखेर निवृत्त होतायत. सहा वर्षं सगळे म्हणत होते, पुढं वैजयंतीबाईच. त्या पदासाठीची मुलाखत निव्वळ नावाला होती. मी आत गेले तर टेबलावर कात्रण.

अण्णा म्हणाले, "बाई, हे खरं काय?"

मी म्हटलं, "नाही."

"तुमची सख्खी चुलतबहीण खोटं बोलते म्हणता?"

"तिला माहीत नाही, अण्णा."

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "हे बघा, आम्हाला तुमच्याबद्दल आदरच आहे. वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं. पण चाळीस मुलींची जबाबदारी आहे. उद्या एखादीनं काही करून घेतलं तर लोक म्हणतील, अधीक्षकबाईच तशी. एप्रिलअखेर ठरवू. तोवर काही लेखी आणता आलं तर आणा."

पंचवीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. आता तुला सांगते.

ते २००० साल, एप्रिल. माझी बारावीची परीक्षा नुकती झाली होती. आपल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. त्या कळपाबरोबर जोतिराम होता, धनगराचा पोरगा, अठरा-एकोणीसचा. मी गोठ्याच्या सावलीत वाचत बसायची, तो पुस्तकातली चित्रं बघायला यायचा. एक दिवस विहिरीत पोहून वर आला आणि मला म्हणाला, "तुमी का येत न्हाई?" मी पायाकडं बोट केलं. त्याला हसू आलं. म्हणाला, "तितं पाय कशाला लागत्यात? पाण्यात कुणाचंच पाय टेकत न्हाईत की."

मला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

दुपारी घर झोपलं की मी जायची. विहिरीच्या पायऱ्या बसत बसत उतरायची. तो माझ्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि दोन हात लांब राहून सांगायचा, "हात मारा. लई घाबरू नगा." पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं. पाचव्या दिवशी मी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. दहाव्या दिवशी डबा सोडला. अंकी, पाण्यात माझे पाय माझ्या मागं तरंगत यायचे, हलके. जन्मात पहिल्यांदा मला ते ओढावे लागत नव्हते. तेरा दिवस गेले असे. माझ्या आणि त्याच्यात बाकी काही नव्हतं. असतं तरी मला चाललं असतं.

तेराव्या दिवशी वरून काकीची किंकाळी आली. "पोरीनं जीव दिला गं!" ती किंकाळी खरी होती, तिला खरंच तसं वाटलं. पण जोतिराम मला पायरीकडं घेऊन आला तेव्हा तिला सगळं दिसलं. तोवर आजूबाजूच्या रानातली माणसं जमली होती, आणि ओरडलेलं परत घेता येत नव्हतं. नंतर तिनं ते घेतलंच नाही. तुझ्या वडलांनी आणि मामानं जोतिरामला गोठ्यामागं नेऊन मारलं. त्याचा डावा हात मोडला. संध्याकाळच्या आत कळप हलला.

माझे केस पुसत काकी म्हणाली, एकेक शब्द आठवतो, "बुडाया गेली म्हटलं तर लोक हळहळत्यात. धनगराच्या पोरासंगं पवाया गेली म्हटलं तर आपल्या दारात कुणी पाणी पिणार न्हाई. माझ्या अंकीचं पुढं लगीन व्हायचंय. तू तोंड उघडलंस तर त्या पोराचा दुसरा हातबी ऱ्हाणार न्हाई."

मी तोंड उघडलं नाही.

माझ्या आबांनी विहिरीला लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं. बारावीला एकाहत्तर टक्के पडले. डी.एड.ला सोलापूरला जाते म्हटलं तर आबा म्हणाले, एकटीला कसं पाठवू, परत काही केलंस तर? तीन वर्षं घरात बसवलं. ती तीन वर्षं मी खिडकीत होते. तेवढं तुझं बरोबर आहे.

आणि आबा. माझा बाप अकरा वर्षं मला विचारत राहिला, "पोरी, तुला एवढं नकोसं झालं होतं का गं? माझं काय चुकलं?" दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही विचारलं. तेव्हा मी सांगितलं, आबा, मी पोहायला गेले होते. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "बरं, बरं." त्यांना वाटलं, मी त्यांचं मन राखते आहे.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, संस्थेला पत्र: मुलाखतीत सांगितलेली घटना खरी नव्हती, एवढंच. दोन, नव्या आवृत्तीत शेवट बदल. मैनाला पोहायला शिकव असं म्हणत नाही. तिला फक्त मारू नकोस.

ताई


पुणे
१७ मार्च २०२५

ताई,

मी मोडनिंबला जाऊन आले. आईला विचारलं. तिनं आधी चहा टाकला. मग म्हणाली, "व्हय, पवत हुती. मग काय करू? गावाला काय सांगू?" आणि रडायला लागली. बहात्तर वय आहे तिचं, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. म्हणाली, "तू लिहून दिलंस तर मी खोटी ठरते. मेल्यावर मग काय लिहायचं ते लिहा." तिचा चेहरा तू बघितला असतास तर तूसुद्धा मला लिही म्हणाली नसतीस.

दुसरी आवृत्ती छापखान्यात गेलीय. मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, या पुस्तकाची सगळी ताकद शेवटच्या अकरा पानांत आहे, ती काढली तर उरतं काय?

पण मी एक मार्ग काढलाय. १३ एप्रिलला सोलापुरात पुस्तकावर कार्यक्रम आहे. तुमचे अध्यक्षही पाहुणे म्हणून येणार आहेत, मी आयोजकांकडून खात्री करून घेतली. तिथे तुझा सत्कार ठेवू या. तू माईकवर स्वतः सांग. मी लिहून देण्यापेक्षा तू बोलणं कितीतरी मोठं. आईलाही घेऊन येते, तिनंही समोर बसून ऐकावं. तू बोललीस की पुढचं मी सांभाळते. मी तुझ्या शेजारी उभी असेन.

ये ना ताई. माझ्यासाठी.

अंकी


शुक्रवार पेठ, सोलापूर
२२ एप्रिल २०२५

अंकिता,

तू म्हणशील, मी स्टेजवरच होते, मला काय सांगतेस? पण तू माझ्या मागं बसली होतीस. लोकांचे चेहरे माझ्या समोर होते. म्हणून लिहिते.

स्टेजला सात पायऱ्या होत्या. मला कुबड्यांवर चढता येतं, वेळ लागतो एवढंच. मी तसं म्हणत होते तोवर चार जणांनी मला खुर्चीसकट उचललं. "ताईंना त्रास नको." माझी उजवी कुबडी खालीच राहिली. खुर्ची वर टेकेपर्यंत सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी अजून काही केलं नव्हतं. मला फक्त उचललं होतं.

शाल झाली, नारळ झाला. मग माईक दिला. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच बोलले, "मी मरायला गेले नव्हते. मी पोहायला गेले होते. एप्रिल होता, ऊन होतं, पाणी गार होतं. जोतिराम नावाचा मुलगा मला शिकवत होता. तेराव्या दिवसापर्यंत मला चांगलं पोहता यायला लागलं होतं. मी त्याग वगैरे काही केला नाही."

सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, झालं. कळलं.

मग दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला. कुणीतरी उभं राहिलं. मग सगळेच उभे राहिले. टाळ्या थांबेनात. सूत्रसंचालक माईकजवळ येऊन म्हणाले, "मृत्यूच्या विहिरीत उतरून जीवनाचं पोहणं शिकलेली ही माउली! आणि जोतिराम कोण? जोतिराम म्हणजे आपल्या अंतरातली ज्योत!"

अंकी, त्या पोराचा हात मोडला होता. त्याची ज्योत केली.

मी मागं वळून तुझ्याकडं बघितलं. माईक आता तुझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं: 'हे शब्दशः खरं आहे.' काकी पहिल्या रांगेत होती, मांडीवरच्या पिशवीचे बंद दोन्ही हातांत धरून. तू तिच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि म्हणालीस, "ताईनं आज मला निःशब्द केलं."

अण्णा खाली मला भेटले. हात जोडून म्हणाले, "बाई, किती सुंदर बोललात. केवढं प्रतीक!" मी म्हटलं, "अण्णा, प्रतीक नव्हतं, विहीर होती." ते हसले.

काल पत्र मिळालं. अधीक्षकपदावर बाहेरून एक बाई आल्या आहेत. माझी बदली कार्यालयात, टायपिंगला. 'आपल्या मनःस्थितीचा विचार करता' मुलींच्या खोल्यांकडं मी जायचं नाही. रुद्राणी कार्यालयाच्या जिन्यापाशी येऊन बसते. नव्या बाई तिला आत बोलावतात.

मी खरं बोलले, आणि ते तुझ्या कादंबरीचं आणखी एक पान झालं.

वैजयंती


पुणे
१४ मे २०२५

ताई,

पाच वेळा लिहून फाडलं. आता जे आहे ते सांगते.

मला आठवतं. आईनं सांगायच्या आधीपासून आठवतं. मी सहा वर्षांची होते. दुपारी उठले, तू दिसली नाहीस म्हणून शोधत विहिरीपाशी आले. तू पाण्यात होतीस आणि मोठ्यानं हसत होतीस. तुला तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मी पळत जाऊन आईला उठवलं आणि म्हटलं, "ताई विहिरीत हसतेय." मीच सांगितलं, ताई. मी आनंदानं सांगायला गेले होते.

पुढे सगळे त्याग त्याग म्हणायला लागले तेव्हा मला वाटलं, मला स्वप्न पडलं असेल. पण पहिल्या खर्ड्यात ते हसणं होतं. मैना उडी मारते आणि हसते. मी वाचून बघितलं, ते बसत नव्हतं. हसणारी बाई मेली तर वाचकाला रडू येत नाही. संपादकांनी काढलं असं तुला सांगणार होते. नाही, मीच काढलं.

त्या दिवशी स्टेजवर मी भ्याले. आईला नाही. पुस्तकाला भ्याले.

मी हे दुरुस्त करणार आहे. नवी कादंबरी लिहायला घेतलीय, या वेळी खरी. जोतिराम, तेरा दिवस, त्या तीन पायऱ्या, आबाकाका, तो कार्यक्रम, माझं गप्प बसणंसुद्धा. तुझी पत्रं मी परत परत वाचते. माझ्यापेक्षा तू चांगलं लिहितेस. त्यातले उतारे जसेच्या तसे घेतले तर चालतील का? नाव बदलते. प्रकाशकांशी बोलले, त्यांना कल्पना फार आवडली.

तू हो म्हण. एकदा मला नीट लिहू दे.

अंकी


३० जून २०२५

अंकिता,

तुझं पत्र खोली सोडायच्या दिवशी मिळालं. या पत्रावर माझा पत्ता नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. शुक्रवार पेठेत आता दुसरं बिऱ्हाड आहे, तिथं लिहू नकोस.

हसण्याचं सांगितलंस, बरं केलंस. माझा राग आता काकीवर कमी आणि तुझ्यावर जास्त आहे. तिला घर वाचवायचं होतं. तुला बघितलेलं आठवत होतं आणि तू ते खोडलंस. आईला उठवलंस त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. सहा वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करायचं?

नव्या पुस्तकाला माझी परवानगी नाही. उताऱ्यांना नाही, नाव बदलूनही नाही. माझ्या पत्रांची आठही पानं परत पाठव म्हणणार होते, पण तू त्यांचे फोटो काढून ठेवले असशील. तेव्हा राहू दे. छापलंस तर मी काही करू शकणार नाही, हे मला माहीत आहे. फक्त तू विचारलं होतंस आणि मी नाही म्हटलं होतं, हे तुला माहीत असेल.

संस्था सोडली. मुलींचा निरोप घेऊ दिला नाही. दुसरीकडं काम लागलंय. कुठलं, कुणी दिलं, शेजारी कोण आहे, माझ्याशी कोण कसं वागतं, यातलं काही लिहीत नाही.

परवा इथं एक गंमत झाली. लहानपणापासून असलं काही झालं की मी आधी तुला सांगायची, अंथरुणात, डोक्यावरून पांघरूण घेऊन. तुला नीट कळेपर्यंत दोनदा सांगायची. परवाही पहिल्यांदा तुझंच नाव तोंडात आलं. सांगितली असती तर तुला लई आवडली असती.

सांगणार नाही.

वैजयंती